बीपीला बसणारा हिरामण

आमच्या कंपनीत हिरामणला वर्षातून एकच दिवस खुर्ची मिळायची, मेडिकलच्या दिवशी. बाकीचे दिवस तो ठेकेदाराचा हेल्पर, आणि हेल्परने बसायचं नसतं. टेकला जरी, तरी सुपरवायझर विचारतो, "काय रे, पिकनिकला आलायस काय?" गेली सोळा वर्षं मी हे वाक्य ऐकतोय. सुपरवायझर बदलले, वाक्य तेच आहे.

मी राजरत्न. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत फर्स्ट एडच्या खोलीत असतो. कंपनीचं नाव सांगणार नाही, कारण मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. कामगार मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, ड्रेसर आहे, आणि तोही एजन्सीचा. कापलं तर पट्टी, भाजलं तर मलम, डोळ्यात उडालं तर पाणी आणि उरलेल्या सगळ्या दुखण्यांना डोकेदुखीची गोळी, एवढीच माझी विद्या. पण बीपी मोजायला मला चांगलं येतं. उल्हासनगरला आमच्या गल्लीत कोणाला चक्कर आली तर आधी मला हाक मारतात.

हिरामण जांभूळ गावचा. बापाची भाताची जमीन होती. तिच्यातली काही एमआयडीसीत गेली, काही भावाभावांत वाटली गेली, आणि राहिलेल्या तुकड्यावर चुलत्याने भाड्याच्या खोल्या बांधल्या. हिरामण बाविसाव्या वर्षी आनंदनगरला कामाला लागला तेव्हा इथले निम्मे प्लॉट रिकामे होते आणि त्यात गुरं चरत होती. पहिला ठेकेदार त्याला म्हणाला होता, दोन वर्षांत परमनंट करतो. त्यानंतर पाच ठेकेदार होऊन गेले. माणूस तोच, मशीन तेच, पण दर अकरा महिन्यांनी कागदावर नोकरी तुटते आणि आठ दिवसांनी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. असं करत पंचवीस वर्षं गेली. आता तो सत्तेचाळीसचा आहे आणि कागदावर आमच्याकडे सात महिन्यांपूर्वी लागलेला नवीन माणूस आहे.

हे सगळं तो असं सांगायचा, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट. मला ऐकून संताप यायचा. "अरे, तुला राग येत नाही का?" असं विचारलं की म्हणायचा, "रागावून काय करू? गेटवर तर रोज हसूनच यायला लागतंय." त्याचं बीपी कायम एकशे अठरा, एकशे वीस. मला वाटायचं, ज्याने कोणाकडून काही मागितलंच नाही त्याचं रक्त कशाला उसळेल? आता तसं वाटत नाही. काही माणसं जन्मतःच तशी असतात, एवढंच. त्यात त्याचा गुण नाही आणि बाकीच्यांचा दोष नाही.

आमचं मेडिकल जानेवारीत, तीन दिवस चालतं. पहिला दिवस साहेबांचा. त्यांचा ईसीजी, पट्ट्यावर चालण्याची टेस्ट, रक्त, आणि उपाशीपोटी यायला सांगितलेलं असल्यामुळे नंतर कॅन्टीनमध्ये इडली आणि ज्यूस. दुसरा दिवस परमनंट कामगारांचा. त्यांना ईसीजी आहे, ज्यूस नाही. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराची माणसं. त्यांची उंची, वजन, डोळे आणि बीपी. साहेबाचं बीपी वाढलेलं निघालं तर डॉक्टर त्याला गोळी लिहून देतात आणि सांभाळा म्हणतात. ठेकेदाराच्या माणसाचा वरचा आकडा दीडशेच्या पुढे गेला तर त्याचा गेटपास थांबतो. बाहेरून फिट असल्याचं पत्र आणा, मग आत या. ते पत्र आणेपर्यंत आठ-दहा दिवस जातात आणि तेवढ्यात त्याच्या जागी दुसरा उभा राहिलेला असतो. नियम सुरक्षेसाठी केलेला आहे. कोणाच्या सुरक्षेसाठी, ते मी विचारलेलं नाही.

पाच वर्षांपूर्वी शहाडहून येणारा एक हेल्पर मेडिकलच्या रांगेत रडायच्या बेतात उभा होता. आदल्या वर्षी त्याचा पास थांबला होता. हिरामण त्याच्या मागे होता. तो म्हणाला, "तुझं कार्ड दे, मी बसतो." बीपीची खुर्ची पडद्याच्या आड असते. पट्टा बांधणारा मी. एजन्सीचे डॉक्टर लांब टेबलावर सह्या करत असतात, त्यांना माणूस दिसत नाही, कार्ड दिसतं. टोपी, मास्क आणि निळा शर्ट घातल्यावर आमची सगळी माणसं सारखीच दिसतात. हिरामण दोनदा खुर्चीत बसला. मी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा कार्डाकडे बघितलं आणि आकडा लिहिला. दया आली म्हणून लिहिला असं म्हणायला मला आवडेल, पण पास थांबला की तीन फॉर्म मलाच भरावे लागतात, हेही खरं आहे.

पुढच्या वर्षी चार जणांसाठी बसला, त्याच्या पुढच्या वर्षी सात. या जानेवारीत अकरा. सुपरवायझरला माहीत होतं, त्यालाही नवी माणसं शिकवायचा कंटाळा. आणि हिरामणचा त्या दिवशी काय थाट! इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. सकाळपासून कोणी त्याला ओझं उचलू देत नसे. "हिरामणदादा, जिना चढू नको." "दादा, आज तंबाखू नको हां." कोणी चहा आणायचा, कोणी वडापाव. लेबलं चिकटवायच्या हलक्या कामावर त्याला बसवायचे, हो, बसवायचे. पंचवीस वर्षांत कंपनीने जो मान दिला नाही तो त्याला त्या एका दिवशी मिळायचा, आणि तो खुश असायचा. खोटं कशाला बोलू, मलाही त्याला तसं बघून बरं वाटायचं.

आपण काही वाईट करतोय असं कोणालाच वाटत नव्हतं. बीपी हा शेठ लोकांचा आजार, अशी सगळ्यांची पक्की समजूत. बसून खाणाऱ्याला होतो तो. आपण घाम गाळतो, आपल्याला कसला बीपी? मशीन बघून छाती धडधडते म्हणून आकडा वाढतो, एवढंच. म्हणजे फसवायचं ते मशीनला. स्वतःला फसवतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला माहीत होतं. चक्कर आली म्हणून जी माणसं माझ्याकडे येतात आणि 'लिहू नको' या अटीवर हात पुढे करतात, त्यांचे आकडे मी बघितलेत. एकशे सत्तर, एकशे नव्वद. वय चाळीसच्या आत, अंगावर मूठभर मांस नाही. साहेबांनाही टेन्शन असतं, नाही कशाला म्हणू. पण साहेबाला जड झालं तर तो उठून खिडकीपाशी जातो, फोन बंद करतो, उद्या येत नाही. यांना पाणी प्यायलाही विचारून जावं लागतं, आणि उद्या गेट उघडेल की नाही हे आज सांगता येत नाही. असं वीस वर्षं जगल्यावर काय होतं ते पुस्तकात असेल. मी पाऱ्याच्या मशीनवर बघितलं आहे.

त्या अकरा जणांत देऊ होता. देऊ बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावरचा, वय एक्केचाळीस, अंगाने काटकी. पंचवीस किलोच्या गोण्या तिसऱ्या मजल्यावर न्यायचं काम. मालाची लिफ्ट दिवाळीपासून बंद होती, तेव्हापासून गोण्या खांद्यावरून जात होत्या. डिसेंबरात तो दोनदा माझ्याकडे आला होता. डोकं ठणकतं म्हणाला. मी म्हटलं, "बस, बीपी बघतो."

"नको डॉक्टर," तो म्हणाला. "डोस्क्याची गोळी दे. मोजलास तर तुज्या मनात राहील."

मी गोळी दिली, मोजलं नाही. पट्टा हातात घेतला होता, तो परत गुंडाळून ठेवला.

जानेवारीत त्याच्यासाठी हिरामण बसला. एकशे अठरा, शहात्तर. अक्षर माझं आहे.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला देऊने सुपरवायझरला सांगितलं की छातीत जळजळतंय. ॲसिडिटी असेल, असं उत्तर मिळालं. मग तो घरी जातो म्हणाला. लवकर जायचं तर तीन सह्या लागतात. दोन सह्या घेऊन तो तीन मजले उतरला आणि तिसऱ्या सहीसाठी माझ्या खोलीत आला. मी त्याचा चेहरा बघितला आणि न विचारता पट्टा बांधला. दोनशे दहा, एकशे तीस. गाडी बोलवा म्हणून मी ओरडलो तेव्हा गाडी कल्याणला कोणाला तरी सोडायला गेली होती. शेवटी मालाच्या टेम्पोत त्याला घातलं. हिरामण त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत तो गेला होता.

त्याच्या आदल्या वर्षी आमच्या एका मोठ्या साहेबांच्या छातीत असंच दुखलं होतं. तेव्हा गाडी तीन मिनिटांत पोर्चमध्ये लागली होती. दोन स्टेंट टाकले, तीन आठवड्यांनी ते पावलं मोजणारं घड्याळ घालून परत आले आणि जिन्याने चालत जा असा सल्ला सगळ्यांना द्यायला लागले. माणूस वाईट नाही. मी फक्त काय झालं ते सांगतोय.

तेच साहेब देऊच्या पाड्यावर भेटायला गेले. सोबत ठेकेदार होता, आणि वाट दाखवायला हिरामणला घेतलं होतं. देऊची म्हातारी आई ओट्यावर बसली होती, बायको भिकी दाराच्या आत. म्हातारीने विचारलं, चांगला धडधाकट पोरगा असा कसा गेला? साहेबांनी फाइल उघडून दाखवली. "रिपोर्ट एकदम नॉर्मल होता आजी. आम्ही दर वर्षी तपासतो. तुमच्याकडे खाण्यात मीठ जास्त असतं ना? सुकी मच्छी वगैरे? त्यानं होतं असं." मग ठेकेदार म्हणाला की भिकीला पॅकिंगमध्ये घेऊ, देऊच्या जागेवर. साहेब गाडीत बसले, आणि म्हातारीने आत वळून सुनेकडे बघितलं.

त्या दिवसापासून भिकीच्या हातचं मीठ पाड्यात गाजलं. म्हातारी येईल जाईल त्याला सांगायची, हिनं सुकट घालून घालून माझा पोरगा मारला. नणंदा आल्या, त्याही तेच बोलल्या. कंपनीच्या मोठ्या साहेबाने कागदावर बघून सांगितलेलं, ते खोटं कसं असेल? कागदावरचा आकडा कोणाच्या हाताचा आहे हे कंपनीत बऱ्याच जणांना माहीत होतं, पण पट्टा बांधताना पडद्याआड असलेली माणसं दोनच, हिरामण आणि मी. मी गप्प होतो. गप्प बसायची मला सवय आहे.

हिरामण मात्र बदलला. जेवणाचा डबा अर्धा परत न्यायला लागला. त्याची बायको कौसाबाई, आनंदनगरच्या नाक्यावर भाजी विकते, तिने मला एकदा अडवून विचारलं, "यांना काय झालंय? घरात मिठाची बरणी दिसली की उठून जातात." मी म्हटलं, दोस्त गेला ना, होतं असं.

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह असतो. कॅन्टीनमध्ये पडदा लावून एजन्सीच्या डॉक्टरांनी भाषण दिलं. त्यांनी जानेवारीच्या मेडिकलचा तक्ता करून आणला होता. तीन खांब, कोणाचं बीपी किती वाढलंय ते दाखवणारे. साहेबांचा लाल खांब सगळ्यात उंच, परमनंट कामगारांचा त्याच्याखाली, आणि ठेकेदाराच्या माणसांचा निळा खांब सगळ्यात बुटका. "बघा," डॉक्टर म्हणाले, "अंगमेहनत करणाऱ्यांचं हृदय किती निरोगी आहे. जबाबदारीच्या पदावरच्या लोकांनी यांच्याकडून शिकायला हवं." साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पुढे त्यांनी असंही सुचवलं की निळ्या खांबाचं मेडिकल दोन वर्षांतून एकदा केलं तरी चालेल, बचत होईल.

ठेकेदाराची चौसष्ट माणसं मोजली होती. त्यातल्या अकरा जणांचे हात हिरामणचे. ज्यांचं बीपी सगळ्यात जास्त, नेमके तेच अकरा. त्या निळ्या खांबात देऊही होता, निरोगी, एकशे अठरा, शहात्तर. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मागे बघितलं तर हिरामण भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या आजूबाजूचे दोघं-तिघं त्याला कोपराने ढोसून हसत होते, जणू बक्षीस त्यालाच मिळालंय.

संध्याकाळी सुट्टी झाल्यावर तो माझ्या खोलीत आला. दार लोटून घेतलं.

"मना भिकीकडं जायचाय. तिला सांगायचाय."

"काय सांगायचंय?" मी विचारलं, माहीत असून.

"आकडा माजा व्हता. देऊला आजार व्हता, तो मी झाकला. तिच्या मिठानं काय झाला नाय."

मी चिडलो. खरं सांगायचं तर घाबरलो, पण बाहेर आला तो चिडका आवाज. म्हटलं, "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. कंपनीला कळलं तर देऊने फसवलं म्हणतील आणि भिकीची होऊ घातलेली नोकरी पहिली जाईल. मग बाकीचे दहा जण बाहेर. मग तू. मग मी. देऊ त्यातून परत येणार आहे का? झाकली मूठ राहू दे."

"कंपनीत नाय बोलनार. तिलाच बोलनार. दुसरा काय नको मना, तिच्या मानेवरचा दोष काढायचाय. ती बाई रोज ऐकते, राजरत्नभाऊ. रोज. आनि मी इथं वडापाव खाल्लाय त्या आकड्याचा."

पंचवीस वर्षांत त्याने कोणाकडे काही मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं. आता मागितलं ते हे. मी आणखी चार कारणं सांगितली, त्याने ती ऐकून घेतली आणि म्हणाला, शुक्रवारी जाऊ. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असते. मी त्याच्यासोबत गेलो ते मैत्रीपोटी गेलो असं समजू नका. तो तिथे काय काय बोलून बसेल याची मला धास्ती होती.

बाईच्या घरी बाईमाणसाशिवाय जाऊ नये म्हणून कौसाबाई आली. तिने भाजीची पाटी त्या दिवशी बंद ठेवली आणि पिशवीत तांदूळ घेतले. बदलापूरहून रिक्षाने फाट्यापर्यंत आणि पुढे अर्धा तास चालत. वाटेत मी मागे पडलो तेवढ्यात हिरामणने तिला सगळं सांगितलं असावं, कारण पाड्यापाशी आलो तेव्हा ती त्याच्यापासून दहा पावलं पुढे चालत होती आणि मागे बघत नव्हती.

म्हातारी लेकीकडे गेली होती. भिकी अंगणात लाकडं फोडत होती. छत्तीस-सदतिसाची असेल. आम्हाला बघून तिने कुऱ्हाड भिंतीला लावली, घोंगडी पसरली, पाणी दिलं. कौसाबाईने तांदूळ पुढे केले, दोघी थोडं रडल्या. हिरामण तांब्याकडे बघत बसला होता. मला वाटलं, नाही बोलणार हा, सुटलो.

पण तो बोलला. एका दमात, खाली बघून. खुर्ची, कार्ड, पडदा, अकरा जण, सगळं. मग म्हणाला, "त्याचा बीपी कंपनीला दिसला असता तर तो बसला असता घरी, उपाशी राहिला असता, पन राहिला असता. मी बसलो म्हनून तो गेला. तुजा मीठ नाय गं. मी म्हातारीला पन सांगतो, तिच्या पायावर डोकं ठेवतो."

भिकी त्याच्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या तोंडावर. काहीच नव्हतं.

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "मीच त्यांना बोलली व्हती, हिरामनदादाला बसव म्हनून."

हिरामणने मान वर केली.

ती सांगायला लागली. तीन वर्षांपूर्वी देऊ दुसऱ्या कंपनीत होता. तिथे त्याचा आकडा वाढलेला निघाला आणि पास थांबला. सरकारी दवाखान्यातून कागद आणायला अकरा दिवस लागले. कागद घेऊन गेला तर जागा भरलेली. पुढे पाच महिने तो जंगलातल्या लाकडांवर आणि विटांच्या भट्टीवर होता. आमच्या कंपनीत लागल्यावर त्याला स्वतःचाच हात पुढे करायचा होता, खोटं नको म्हणत होता. भिकीने त्याला तीन दिवस समजावलं होतं. शेवटी म्हणाली होती, तुझा हात खरा निघाला तर आम्ही काय खायचं?

"मंग दादा, तुमी कोनाला काय सांगता?" ती म्हणाली. "दोष हाय तो माजाच हाय. मिठाचा नाय, पन माजाच हाय."

"म्हातारीला तरी कळू दे," हिरामण म्हणाला. "ती तुला बोलते."

"बोलू दे. मीठ बोलते तेच बरा हाय. मिठाचा नाव घेतला तर कोनाच्या पोटावर पाय पडत नाय. हिकडं त्या दहा जनांच्या घरात पन बाया हायेत."

मला त्या क्षणी तिचे पाय धरावेसे वाटले आणि तिथून पळून जावंसंही वाटलं. हिरामण दोन्ही हात मांडीवर उपडे टाकून बसला होता. ज्या ओझ्यासाठी तो एवढा चालत आला होता ते त्याने खाली ठेवलं होतं, आणि घ्यायला कोणी नव्हतं. क्षमा करायला तिच्याकडे जागाच नव्हती.

मग भिकीने माझ्याकडे बघितलं. "डॉक्टर, सोमवारी माजा मेडिकल हाय. कामावर घ्यायच्या आधी करतात ना, तो."

मी मान हलवली. नव्या माणसाचं मेडिकल असतंच.

"सरकारी दवाखान्याच्या आशाताईनं मागच्या म्हैन्यात मोजला. वरचा एकशे ऐंशी हाय माजा. गोळी घे बोलली. घेईन, पन ती लागू पडायला दिस लागतात बोलली. सोमवार तर आला." ती थांबली. मग कौसाबाईकडे वळली, आणि लाकडं उसनी मागावीत तेवढ्याच साध्या आवाजात तिने विचारलं, "वैनी, तुमचा बीपी कसा असतो?"

हिरामणने डोळे मिटून घेतले होते. कौसाबाईला प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ती म्हणाली, "काय ठाऊक. माझं कोणी कधी मोजलंच नाही."

माझ्या पिशवीत मशीन होतं, गल्लीत लागतं म्हणून नेहमीच असतं. मी नाही म्हणू शकलो असतो. नोकरी सोड म्हणू शकलो असतो, आधी औषध घे म्हणू शकलो असतो. पण त्या घरात किती शिजतं ते चुलीवर दिसत होतं. मी मशीन काढलं आणि कौसाबाईच्या हाताला पट्टा बांधला. एकशे बावीस, अठ्ठ्याहत्तर. मी आकडा मोठ्याने सांगितला आणि भिकीने सुटकेचा श्वास सोडला. हिरामण उठून लांब आंब्याखाली जाऊन उभा राहिला.

परतताना तो एकच वाक्य बोलला. "नाय बोल तिला, कौसा." कौसाबाई म्हणाली, "तुम्ही अकरा जणांना हो बोललात. मी एकीला नाय कशी बोलू?"

सोमवारी भिकीचं कार्ड टेबलावर होतं. कार्डावर देऊची विधवा असं लिहिलेलं होतं, त्याच्या जागेवर घेतलं म्हणून. डॉक्टर ते वाचणार हे नक्की होतं. त्यामुळे कौसाबाईने घरून निघताना साबण लावून दोन्ही हातांतल्या हिरव्या बांगड्या काढल्या होत्या, टिकली काढली होती आणि मंगळसूत्र काढून नवऱ्याच्या हातात दिलं होतं. नवरा जिवंत असताना आमच्याकडे कुठलीच बाई हे करत नाही. तोंडाला ओढणी आणि मास्क बांधून ती भिकीच्या नावावर गेटमधून आली आणि पडद्याआड खुर्चीत बसली. तिचं मोकळं मनगट बघून मला पट्टा नीट बांधता येईना. आकडा एकशे चोवीस आला. मी भिकीच्या नावापुढे लिहिला. ती दबक्या आवाजात म्हणाली, "माझं चांगलं आहे ना?" मी हो म्हणालो. बाहेर हिरामण खिसा मुठीत धरून उभा होता.

भिकी आता दुसऱ्या मजल्यावर पॅकिंगला आहे. आशाताईच्या गोळ्या घेते म्हणते, कधी संपल्या तर सुट्टीच्या शुक्रवारपर्यंत तशीच राहते. रोज सकाळी ती माझ्या खोलीसमोरच्या जिन्याने वर जाते. पहिल्या वळणावर तिला थांबावं लागतं. कठडा धरून, तोंड उघडं टाकून ती उभी राहते, आणि खालून सुपरवायझरला दिसू नये म्हणून हिरामण मधे गोणी खांद्यावर घेऊन उभा राहतो, तिचा दम परत येईपर्यंत. मी हे खोलीतून बघतो. तिला आत बोलावून मोजायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. पण मोजलं तर आकडा दिसेल, आणि दिसला तर या वेळी तो लिहावा लागेल.